नकाशात भलत्याच जागी पडलेली गावं: उडवण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पवई ते विक्रोळी या पट्ट्यात ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही दुरुस्त करता येणाऱ्या खुल्या नकाशावर चाळीसेक गावांची नावं कुणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी एकगठ्ठा आणून टाकली आहेत. तिरंदाज तलावाच्या पाण्यात आहे, हरियाली हायवेच्या दुभाजकावर आहे, एकाच बिंदूवर दोन गावं एकमेकांच्या डोक्यावर बसली आहेत. दोन-तीन नावं तर तुम्ही तीस वर्षं पवईत राहूनही कधी ऐकलेली नाहीत. हे सगळे बिंदू एकदम निवडून उडवले तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली बारा-तेरा वर्षं मुंबईच्या उपनगरांचा नकाशा दुरुस्त करते आहे, आणि माझं उत्तर आहे, नका उडवू. तुमची चिडचिड मात्र शंभर टक्के रास्त आहे. चुकीच्या जागचा बिंदू ही फक्त दिसण्यापुरती चूक नसते. ओपनस्ट्रीटमॅपवर पत्ता शोधून देणारं नॉमिनाटिम जिथे हद्दी आखलेल्या नसतात तिथे जवळचा प्लेस-बिंदू (गावाचं किंवा वस्तीचं नाव दाखवणारा बिंदू) पकडून पत्ता बनवतं. म्हणजे हायवेवरच्या त्या हरियालीमुळे आजूबाजूच्या इमारतींच्या पत्त्यात 'हरियाली' घुसतं, आणि ज्या भागाचं ते नाव खरोखर आहे त्याच्या पत्त्यात ते येत नाही. हाच डेटा वापरून कुणी पार्सल पोचवतं, कुणी रुग्णवाहिकेला रस्ता सांगतं.

पण मूळ अडचण नावांची संख्या जास्त असल्याची नाही. एका बिंदूत चार वेगळ्या गोष्टी असतात: नाव, त्याचं स्पेलिंग, जागा आणि प्रकार. आयात केलेल्या डेटात बहुतेक वेळा नाव खरं असतं आणि बाकीच्या तीनांपैकी एक-दोन गोष्टी चुकलेल्या असतात. बिंदू उडवला की चुकीबरोबर ते खरं नावही जातं. मुंबईत ते परत आणायला माणूस सापडत नाही, कारण ते नाव आता टॉवरच्या मागच्या दोन गल्ल्यांपुरतंच उरलेलं असतं.

आधी चूक आली कुठून ते बघा. जगभरच्या गावांच्या ज्या मोठ्या याद्या फुकट मिळत, त्यात अमेरिकी सरकारची जीएनएस ही यादी होती. तिच्यातले अक्षांश-रेखांश बराच काळ जवळच्या पूर्ण मिनिटापर्यंतच दिलेले असत. या याद्या लहान प्रमाणाच्या नकाशांवरून वाचून केलेल्या, त्यांना तेवढी अचूकता पुरेशी होती. पण मुंबईच्या अक्षांशावर एक मिनिट म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण १.८५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम पावणेदोन किलोमीटर. एवढ्यात पवईवरून चांदिवली येते.

हे ओळखायची युक्ती सोपी आहे. बिंदूचे आकडे उघडा आणि दशांशाच्या पुढचा भाग ६० ने गुणा. समजा अक्षांश १९.१३३३३३३ आहे. ०.१३३३३३३ गुणिले ६० बरोबर ८. म्हणजे १९ अंश ८ मिनिटं, अगदी नेमकी. रेखांश ७२.९ असेल तर ७२ अंश ५४ मिनिटं, तेही नेमकं. दोन्ही आकडे असे पूर्ण मिनिटावर बसले की समजायचं, ही जागा कुणी जाऊन पाहिलेली नाही. एकाच बिंदूवर दोन गावं का येतात तेही यातून कळतं: दोन्ही गावं त्याच मिनिटाच्या चौकोनात होती.

यातून एक कामाची गोष्ट हाती लागते. आकडा जवळच्या मिनिटाला आणलेला असेल तर खरं गाव त्या बिंदूपासून जास्तीत जास्त साधारण सव्वा किलोमीटरवर असणार. मी बिंदूभोवती तेवढं वर्तुळ काढते आणि त्यातच शोधते. तलावात पडलेलं तिरंदाज तलावाच्या काठच्याच कुठल्यातरी गल्ल्यांत आहे, हे घरबसल्या कळतं. म्हणून मी म्हणते, चुकीचा बिंदू हा पत्ता आहे, फक्त धूसर.

सगळा आयात डेटा असा मिनिटांवर बसलेला नसतो. २००७ मध्ये ऑटोमोटिव्ह नॅव्हिगेशन डेटा या डच कंपनीने नेदरलँड्सबरोबर भारताचाही डेटा या प्रकल्पाला दिला. त्या काळी नकाशात भारत जवळजवळ कोरा होता आणि त्या देणगीमुळे त्याला हाडं मिळाली. अशा डेटातली जागा वेगळ्या प्रकारे चुकते. त्यामुळे आधी बिंदूचा इतिहास उघडून सोर्सचा टॅग (डेटा कुठून आला ते सांगणारी नोंद) बघा, तो बिंदू पहिल्या आवृत्तीचाच आहे की मधे कुणा माणसाने हलवलाय तेही बघा. ओव्हरपास टर्बो या शोधाच्या साइटवर तुमचा पट्टा निवडून सगळे प्लेस-बिंदू जॉसम या नकाशा-संपादकात उतरवा आणि पहिल्याच आवृत्तीत असलेले वेगळे काढा. चाळीसातले निम्मे कदाचित कुणीतरी आधीच हाताळलेले निघतील. त्यांना हात लावायच्या आधी त्या माणसाला विचारा.

आता जागा. इथे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि मुंबईची परिस्थिती इतर शहरांसारखी नाही. उपनगरांत एकाच नावाच्या दोन गोष्टी असतात. एक म्हणजे महसुली गाव, ज्याला कागदावर 'मौजे' म्हणतात. दुसरं म्हणजे गावठाण किंवा कोळीवाडा, जिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. मौजे पसरलेलं असतं: शेतं, खाजण, डोंगर सगळं धरून. गावठाण चार-पाच गल्ल्यांचं. यादीतला बिंदू या दोघांपैकी कशाचा आहे हे यादीला ठाऊक नसतं.

विक्रोळीला कन्नमवार नगरात पुनर्विकासाचं काम चाललंय तिथल्या पत्र्याच्या कुंपणापाशी उभे राहा. बिल्डरच्या जाहिरातीवर नाव विक्रोळी पूर्व असं मोठ्या अक्षरांत असतं. पण त्याच कुंपणावर खाली एक बारीक अक्षरांची पाटी असते: सी.टी.एस. क्रमांक अमुक, मौजे हरियाली, तालुका कुर्ला. तुमचं हरियाली ते हेच. टागोर नगर, कन्नमवार नगर ज्या जमिनीवर उभं आहे ते मौजे. तिथे राहणारा माणूस 'मी हरियालीत राहतो' असं म्हणत नाही, पण त्याच्या घराच्या करारनाम्यात ते नाव आहे. बोरिवलीला एकसर आणि मागाठाणे, गोरेगावला पहाडी, चेंबूरला बोर्ला, घाटकोपरला किरोळ, सांताक्रूझ पूर्वेला कोळे कल्याण, सगळी याच जातीची. काही अजून रोजच्या तोंडी आहेत, काही फक्त कागदावर.

मी हे असं सोडवते. गावठाण जिवंत असेल तर बिंदू गावठाणात नेते आणि प्रकार बदलून नेबरहूड (वस्ती) करते. गावठाण उरलेलं नसेल पण लोक त्या भागाला अजून त्या नावाने ओळखत असतील तर लोकॅलिटी, म्हणजे नुसतं ठिकाणाचं नाव. फक्त मौजे असेल, म्हणजे नाव कागदाबाहेर कुठेच नसेल, तर त्याला खरं म्हणजे हद्द हवी, बिंदू नको. मोकळ्या परवान्याखाली वापरता येईल अशी हद्द हाताशी नसेल तर मी बिंदू न उडवता ठेवते, त्याचा प्रकार हॅम्लेट (वाडी) असेल तर लोकॅलिटी करते आणि फिक्समी या 'दुरुस्ती बाकी' सांगणाऱ्या रकान्यात लिहिते की हे महसुली गावाचं नाव आहे, वस्तीचं नाही. यावर सगळ्यांचं एकमत नाही. काही जुने कार्यकर्ते म्हणतात असा बिंदू काढूनच टाकावा. मला ते पटत नाही, पण त्यांचं म्हणणं वेडगळ नाही: जे जमिनीवर दिसत नाही ते नकाशात नको, हा या प्रकल्पाचा मूळ नियमच आहे.

मग जमिनीवर दिसतं कुठे? गावठाण शोधताना मी रस्त्याचं वळण बघते. आखलेल्या कॉलनीतून चालताना गल्ली एकदम अरुंद होऊन वाकडी वळली, घरं बैठी कौलारू झाली, की तुम्ही गावठाणात शिरलात. मग गावदेवीचं देऊळ बघा. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती लोकांची, वस्ती असेल तर नाक्यावरचा क्रूस बघा. १८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर असे क्रूस जागोजागी उभे राहिले, अनेकांवर साल कोरलेलं असतं आणि काहींवर गावाचं किंवा पाखाडीचं नावही. महापालिकेच्या शाळेची पाटी, बेस्टच्या थांब्याची पाटी, पोस्टाची पाटी, मंडळाचा फलक, मच्छीमार सोसायटीचा फलक. दोन वेगवेगळ्या पाट्यांवर नाव सापडलं की मी ते पक्कं धरते. पाटीचा फोटो काढते आणि चेंजसेटच्या (एका वेळी जतन केलेल्या बदलांच्या गठ्ठ्याच्या) टिप्पणीत लिहिते की नाव कुठल्या पाटीवरून घेतलं.

आणि माणसांना विचारा. पण 'हे तिरंदाज आहे का?' असं नाही विचारायचं, कारण समोरचा भिडेखातर हो म्हणतो. 'या गल्लीला काय म्हणतात?' असं विचारायचं आणि थांबायचं.

गुगलच्या नकाशात बघून बिंदू हलवू नका, तो परवान्याचा भंग होतो आणि तुमची सगळी मेहनत नंतर उलटवली जाऊ शकते. स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेली पाटी ही मात्र तुमची.

स्पेलिंगचा भाग माझ्या मनाला सर्वांत जास्त लागतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. आयात याद्या रोमन लिपीतल्या. त्यावरून कुणीतरी यंत्राने देवनागरी करतं आणि नेम:एमआर या मराठी नावाच्या रकान्यात टाकतं. रोमनमध्ये ळ नाही. मग वरळीची 'वरली' होते, परळचं 'परल', भायखळ्याचं 'भायखला', मरोळचं 'मरोल'. खारदांड्याचा 'डंडा' झालेला मी स्वतः पाहिला. कधी हिंदीच्या रकान्यातलं नाव उचलून मराठीच्या रकान्यात टाकलेलं असतं, म्हणून मराठी नावात 'बांद्रा' दिसतं. लिहिणाऱ्याने ते कधीही मराठीत ऐकलेलं नसतं. वांद्रे, शीव, शिवडी, माझगाव ही रूपं इंग्रजीवरून कुठल्याही यंत्राला काढता येणार नाहीत, ती माहीतच असावी लागतात. शीव स्टेशनवर मराठीत 'शीव' लिहिलेलं असतं, आणि शीव म्हणजे हद्द, मुंबई बेटाची हद्द. 'सायन' हे मराठी नाव म्हणून लिहिलं की हा अर्थच पुसला जातो.

यात एक चांगली गोष्ट अशी की स्पेलिंग दुरुस्त करायला जागेवर जावं लागत नाही आणि कुणाचं नुकसान होत नाही. पहिल्या आठवड्यात फक्त नेम:एमआर दुरुस्त करा. मुख्य नेमचा रकाना, जो मुंबईत बहुतेक ठिकाणी रोमनमध्ये आहे, त्याला या कामात हात लावू नका. तिथे कुठली लिपी असावी हा वाद वेगळा आहे आणि तो साफसफाईच्या कामात मिसळला की दोन्ही कामं अडतात.

आता दुहेरी नावं. मी स्वतः इथेच चुकले होते आणि ती चूक मला अजून आठवते. सुरुवातीच्या वर्षांत मला समुद्राकाठी दोन बिंदू दिसले, एकावर वर्सोवा, दुसऱ्यावर वेसावे. मला वाटलं एकाच नावाची दोन स्पेलिंगं. वेसावे उडवलं. आठ-दहा दिवसांनी माझ्या चेंजसेटखाली एका माणसाची टिप्पणी आली: 'ताई, आमच्या गल्लीत एकही माणूस वर्सोवा म्हणत नाही. आमच्या होड्यांवर वेसावे आहे, मंडळाच्या फलकावर वेसावे आहे. नकाशात तेवढं एकच ठिकाण होतं.' मी त्या रविवारी तिथे गेले. तो म्हणाला तसंच होतं. वर्सोवा हे सगळ्या उपनगराचं नाव, वेसावे हे कोळीवाड्याचं. आता नकाशात दोन्ही आहेत: वर्सोवा सबर्ब म्हणून, वेसावे कोळीवाडा नेबरहूड म्हणून.

उलटी चूकही होते. तुर्भे हे नाव दोनदा दिसलं म्हणून एक उडवाल, तर थांबा: एक नवी मुंबईतलं, दुसरं चेंबूरपलीकडचं, ज्याला इंग्रजीत ट्रॉम्बे म्हणतात. नायगाव दादरलाही आहे आणि वसईलाही. वर्सोवा घोडबंदरकडेही आहे, खाडीवरच्या पुलाला तेच नाव आहे. म्हणून नाव जुळलं एवढ्यावर कधीच बिंदू एकत्र करू नका. अंतर बघा, तालुका बघा, विकिडेटाचा (विकिपीडियाच्या जोडीच्या माहितीसाठ्याचा) दुवा असेल तर तो कुठे जातो ते बघा.

स्टेशनांच्या नावांबद्दल थोडक्यात. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी झालं. नंतर २०२४ मध्ये करी रोड, सँडहर्स्ट रोड, मरीन लाइन्स अशा आणखी काही स्टेशनांची नावं बदलायचं राज्य सरकारने ठरवलं. बातमी आली की लोक त्याच रात्री नकाशा बदलतात. फलाटावरची पाटी बदलली की बदला, आणि जुनं नाव ओल्ड_नेममध्ये ठेवा, कारण लोक पुढची वीस वर्षं तेच शोधणार आहेत.

मग उडवायचं केव्हा? त्याच वस्तीचा, त्याच प्रकारचा दुसरा चांगला बिंदू शेजारी असेल तेव्हा. पण त्या वेळीही जुन्या बिंदूवरची इतर भाषांतली नावं आधी नव्यावर उतरवून घ्या. शक्य असेल तिथे जुना बिंदूच हलवा, नवा काढू नका. क्रमांक तोच राहिला की त्याचा इतिहास आणि बाहेरून आलेले दुवे टिकतात. सोसायटीचं किंवा कारखान्याचं नाव गाव म्हणून आलेलं असेल तर तेही काढा. अमेरिकेत जीएनआयएस या सरकारी यादीतून आलेल्या नावांत बंद पडलेल्या शाळा आणि चर्चसुद्धा 'हिस्टॉरिकल' असं कंसात लिहून आली, आणि तिथले लोक ती कित्येक वर्षं निवडत बसलेत. आपल्याकडे तो त्रास कमी आहे.

काम करताना चेंजसेट लहान ठेवा. पवईचे बिंदू एका चेंजसेटमध्ये, विक्रोळीचे दुसऱ्यात. मुलुंड ते कुलाबा एकाच चेंजसेटमध्ये बदललं तर त्याचा चौकोन अख्ख्या मुंबईवर पसरतो आणि कुणालाच तपासता येत नाही. चाळीस बिंदू एकेक बघून हाताने बदलणार असाल तर कुणाची परवानगी लागत नाही. पण एखादा नियम लावून शेकडो बिंदू एका झटक्यात बदलणार असाल, भले तो नियम फक्त 'ल'च्या जागी 'ळ' करण्याचा असो, तर तो यंत्रवत बदल ठरतो आणि आधी समूहात चर्चा करावी लागते. हा नियम कटकटीचा वाटतो, पण 'मालाड'चं 'माळाड' होण्यापासून तोच वाचवतो.

किती वेळ लागेल? तुम्ही तिथेच राहता, त्यामुळे माझ्यापेक्षा निम्मा. स्पेलिंग एका संध्याकाळी. पाट्या वाचत चार-पाच रविवार सकाळ, ऊन चढायच्या आत. त्यात तीसेक बिंदू मार्गी लागतील असा माझा अंदाज आहे.

राहिली ती दोन-तीन कधीच न ऐकलेली नावं. त्यांना शेवटपर्यंत हात लावू नका. त्या जागी नकाशावर एक नोट टाका: 'हे नाव कुणाला माहीत आहे का? कुठल्या पाटीवर पाहिलंय का?' मराठीत टाका, म्हणजे योग्य माणूस वाचेल. तुमच्या इमारतीच्या कागदांत मौजे काय लिहिलंय तेही एकदा काढून बघा, मालमत्ता कराच्या बिलापेक्षा करारनाम्यात ते नेमकं असतं. आणि त्या बिंदूंचे क्रमांक इथे द्या. माझ्याकडे पवई आणि मरोळच्या बाजूच्या पाट्यांचे बरेच फोटो साठलेले आहेत, त्यात शोधते. पुढच्या रविवारी सकाळी मी कन्नमवार नगरला येणारच आहे. साडेसातला येऊ शकलात तर हरियालीचा बिंदू आपण दोघं मिळूनच हलवू.